लिहून देणार

अमळनेर. मे महिना.
दुय्यम निबंधकांच्या खोलीत पंखा आहे, वीज नाही.
मी दिवाणी कोर्टातला कनिष्ठ लिपिक,
कधीच माझी नसलेली एक बखळ
आज कायम खूष खरेदीने लिहून देतोय.

इसार एकवीस हजार, साल एकोणनव्वद.
मग बसस्थानक तिकडे सरकलं, भाव चढले,
आणि हिलाल उखा पाटलांनी शब्द गिळला.
शालिग्राम बडगुजरांनी पैसे परत मागितले नाहीत.
नुकसानभरपाई घेता का, व्याजासकट?
वकिलाने दोनदा विचारलं.
म्हणाले, मला तीच जागा पाहिजे.
पिठाच्या गिरणीचं जोतं
त्यांनी मनात केव्हाच आखलं होतं.

सव्वीस वर्षं.
प्रत्येक शपथपत्रात तेच वाक्य:
वादी आपला भाग पार पाडण्यास
सदैव तयार व राजी आहे.
माणूस इतकी वर्षं राजी कसा राहतो
ते फाइलीत कुठेच नाही.
मुलगा सुरतेला गेला.
गिरणीचे दगड आणून ठेवले होते,
त्यांवर आता सून धुणं आपटते.

हुकूमनामा झाला, मुदत सरली,
सहीला हिलाल आप्पा आले नाहीत.
तेव्हा कोर्टाने त्यांचा हात म्हणून मला पाठवलं.
लिहून देणाराच्या चौकटीत माझा फोटो,
माझा डावा अंगठा.
‘तुमच्यावर कुणाचा दाब नाही ना?’
साहेब सगळ्यांना विचारतात.
सवयीने मलाही विचारलं.

चतुःसीमा वाचत होतो, पूर्वेस बोळ,
तर दारातून आवाज:
‘मी सही नही करसू.’
कुणी मागितलीच नव्हती.
टोपी मांडीवर, कपाळावर टोपीची गोरी रेघ.
कधी येऊन बसले होते कोण जाणे.
‘पन तठे बोय नही. हीर शे. बुजेल शे, पन शे.’

हुकूमनाम्यात बोळ आहे.
मला एक अक्षर बदलता येत नाही,
तसं मी म्हणालोही.

शालिग्रामभाऊ खुर्चीसकट वळले.
सव्वीस वर्षांत वकिलाशिवाय पहिल्यांदाच:
‘किती खोल?’

‘पाच परस.
मशीन तठे बसाडू नको. धसी जाई.’

साहेबांनी पान उलटलं.
शाईचा अंगठा पुसायला
मी कागद शोधत राहिलो.