एक रविवार सोडून ताप

सोहारमध्ये आठवडा रविवारी उजाडतो.
सहा वीसला बस, सातला घंटा,
सव्वासातला हजेरीपटांचा गठ्ठा माझ्या टेबलावर,
आणि मग मी, शाळेची कारकून, फोन कानाला लावून:
नमस्कार, आज मूल आलं नाही. का?

अकरा वर्षांत कारणं तोंडपाठ झालीत.
पोट. दाढ. बस चुकली.
धुळीचं वादळ होतं, फक्त आमच्याच गल्लीत.
एकदा एका आजोबांनी सांगितलं, झोपलीय हो,
इतकी गोड झोपलीय, तुम्हीच येऊन उठवा.

दुसरी ब, क्रमांक एकवीस, शर्वाणी तांडेल.
हिला ताप येतो रविवारी,
एक रविवार सोडून एक,
इथल्या पगारापेक्षा नेमाने.
सोमवारी ठणठणीत. दोन वेण्या, डब्यात घावन.

आई फोनवर म्हणते, कणकण आहे जरा.
मागे कुकरची शिट्टी, बॅगेची चेन,
एक पुरुषी आवाज: माझं हेल्मेट कुठंय?
मी शेऱ्यात लिहिते: ताप.

लिस्सी मॅडमना टक्केवारी हवी असते.
महिन्याचं बातमीपत्र मीच जुळवते.
तिसरी अ-च्या वाफ्यात टोमॅटोला फूल.
कूलरला नवा नळ.
सापडलेल्या वस्तू: चौदा बाटल्या, एक डावा बूट.
आणि चौकटीत, ठळक:
रोज शाळेत या. गेलेला दिवस परत येत नाही.
वाक्य माझंच.
छापून आलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

एका मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.
तुझा ताप कसा असतो गं?
ती माझ्या स्टेपलरकडे बघत राहिली.
मग म्हणाली, पप्पांना दुक्मला जायचं असतं.
आठला कंपनीची गाडी येते.
मी त्यांचे बूट बांधते.
दोन गाठी मारते, म्हणजे सुटत नाहीत.
आणि मी शाळेत गेले
तर ते मी नसताना जातील ना.

रजेच्या अर्जात याला रकाना नाही.
दुक्म म्हणजे दिवसभराची वाळू,
मग बारा दिवस कॅम्प,
मग शुक्रवार, शनिवार, आणि पुन्हा बूट.

मी काही मोठं केलं नाही.
आईला विचारलं, गाडी कुठून जाते?
गोल चौकातून, शाळेच्या भिंतीला लागून.
ड्रायव्हर यूसुफ म्हणाला, माफी मुश्किल,
फक्त एक करक चहा पाजा.

पुढच्या खेपेला सातला पाच कमी असताना
गेटशी एक माणूस, पाठीला बॅग, काखेत हेल्मेट.
आजूबाजूने दप्तरं वाहतायत,
आणि मध्ये ती उकिडवी बसून
जीभ बाहेर काढून गाठ मारतेय.
डावा झाला. उजवा झाला.
डावा पुन्हा सोडला. पुन्हा बांधला.
प्रार्थना सुरू झाली.
वॉचमनने गेट अर्धं लोटून धरलं होतं,
त्याचीही मुलगी कुठेतरी पेशावरकडे.

चार मिनिटं उशीर.
उशिराला लाल टिंब द्यायचं असतं.
लाल पेन सापडलं नाही.
मी फार शोधलंही नाही.

दुसरी ब-ची खिडकी रस्त्याकडे उघडते.
हजेरीत एकवीस नंबर आला
आणि प्रेझेंट मिस इतकं मोठ्यांदा आलं
की ऑफिसात माझ्या चहावर लहर उठली.
बाईंनी विचारलं, ओरडतेस कशाला?
कुंपणापलीकडे एक हेल्मेट हललं.

बातमीपत्रात यातलं काही गेलं नाही.
दुसरी ब, रविवारची उपस्थिती सुधारली, एवढीच ओळ.
टोमॅटो लागले होते, त्यांचा फोटो मोठा आला.
चौकटीतलं वाक्य या वेळी मी काढलं.
लिस्सी मॅडमच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं असेल.

आणि गेल्या रविवारी, मी फोन उचलायच्या आधीच,
तिच्या आईचा फोन. घाबरलेली.
अहो, आज खरंच आलाय, एकशे दोन,
थर्मामीटरचा फोटो पाठवू का?
नको, मी म्हटलं.
पण बूट?
पलंगावरूनच बांधले, ती म्हणाली.
ते जमिनीवर बसले होते.