जवळचा नंबर

दिवसभर मी लोकांना विचारते :
आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं?
सूरच्या बाजारात, चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत,
मोडक्या अरबीत,
अकरा वर्षं.
काचा बदलत जाते. कुणी खरं सांगतं,
कुणी मला बरं वाटावं म्हणून म्हणतं, आता.

आज शुक्रवार. आज माझीच तपासणी.
मुनीर परकारने मस्कतहून बसने तीन भिंगं पाठवलीत,
टॉवेलात गुंडाळून, खजुराच्या खोक्यात.
लग्नांचे फोटो काढतो तो. सोबत चिठ्ठी :
"एकच ठेव. पैसे दोन हप्त्यांत चालतील.
बुरशी लागू देऊ नकोस."

पहाटे अयजाच्या धक्क्यावर टॅक्सीतून उतरले
आणि सगळं पांढरं.
एसीत गारठलेल्या काचेला समुद्राची वाफ भेटली की असंच होतं.
भिंग धुरकट, चष्मा धुरकट,
पुसलं की पुन्हा.
वीस मिनिटं थांबायचं, दुसरा उपाय नाही,
आणि नेमका त्याच वीस मिनिटांत उजेड चांगला.
चष्मा डोक्यावर सारून उणे साडेचारच्या डोळ्यांनी पाहिलं :
दीपगृह म्हणजे खडूची रेघ,
कुणीतरी बोटाने फिसकटलेली.

मग सोळा मिलिमीटर.
यात सगळं मावतं : खाडी, पूल, होड्या, आभाळ,
डावीकडचा कचऱ्याचा डबा, ऊन आल्यावर माझीच सावली.
मावतं, आणि मावलं की लहान होतं.
डोंगर तर घडी घातलेल्या रुमालाएवढा.
पुढ्यात काहीतरी हवं म्हणून
मासे धरायच्या तारेच्या पिंजऱ्यापाशी गुडघे टेकले.
पिंजराच मोठा झाला, दीपगृह त्यात अडकलं.
वाईट नव्हता तो फोटो.

मग शंभर ते चारशे.
भरलेल्या कळशीसारखं, कुठेही धरा, हात भरून येतो.
त्याने डोंगर उचलून थेट घरांच्या गच्चीवर आणून ठेवला.
मधे अर्ध्या तासाचं माळरान आहे,
दगड आहेत, बकऱ्या आहेत, बंद पडलेला पेट्रोल पंप आहे.
ते सगळं गेलं कुठे?
घरी व्हिडिओ कॉल लावते तेव्हाही असंच,
आईचं नाक स्क्रीनभर, मधलं काहीच नाही.
साडेआठला हवा उकळायला लागली,
चारशेवर कुठलीच कड धड राहीना.

तेव्हा सुवेलिम नाखवा आठवला.
(नाखवा हा शब्द थोडा वाकवून
समुद्राच्या दोन्ही काठांवर चालतो,
तेवढा एक मला शिकावा लागला नाही.)
ऐंशीचा, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले.
म्हटलं, जवळचा नंबरही घ्या,
तर दुकानभर हसला.
"जवळचं हाताला कळतं.
गाठ, सुकाणू, भाकरी, बायकोचा चेहरा.
मला लांबचं दे."
दिलं.

तिसरं पस्तीसचं. वाटीएवढं.
ना पुढे सरकतं, ना मागे.
दीपगृह मोठं हवं? चालत जा.
गेले. पाणी घोट्याला, मग सलवार गुडघ्यापर्यंत ओली,
शेवाळ, कालवं चिकटलेला खांब, डिझेलचा वास.
पलीकडे वाळूवर जाळं सांधणारा एकजण,
अकरा वर्षांत मला कधी न दिसलेला,
मान वर न करता म्हणाला,
"माझ्या दोरावर उभी आहेस."

संध्याकाळी मुनीरचा फोन. कुठलं ठेवतेस?
डोंगर-समुद्राला रुंद, नाहीतर लांबचं,
सगळे तेच घेतात, अगं, पस्तीसने काय होणार,
तो बोलत राहिला.
मी पस्तीसच म्हटलं.
कारण नीट सांगता आलं नाही.
या गावाचं लांबचं मला पाठ आहे.
जवळचं
माझ्या हाताला अजून कळत नाही.

पहिला फोटो :
दोर, जरासा चपटा झालेला.
मागे दीपगृह, किंचित तिरकं.