खालच्या ओळी

अंबाजोगाईच्या मंगल कार्यालयात
तीन दिवस लग्नाची तिथी नव्हती,
म्हणून माहितीपटांचा महोत्सव.
खिडक्यांना मंडपवाल्याचे काळे पडदे,
स्टेजमागे 'शुभविवाह', थर्मोकोलचा,
त्यातला 'वि' गळून पडलेला.

पहिल्या रांगेत
ज्यांच्यावर फिल्मा काढल्या ती माणसं:
खुलताबादचे कव्वाल, गळ्याला मफलर गुंडाळून,
जालन्याचे शेख मुनाफ, दुकानांच्या पाट्या रंगवणारे,
पडदा सोडून आयोजकांच्या फ्लेक्सकडे बघत
'श्र' कुठं चुकलाय ते शेजाऱ्याला सांगणारे,
आणि टोकाला भवानजी उगले, गोंधळी.
मांडीवर रिकामे हात.

मी मागं, दाराजवळ.
भवानजींच्या फिल्मखालच्या इंग्रजी ओळी माझ्या.
एका ओळीत सदतीस अक्षरं,
एका वेळी दोन ओळी,
वाचायला चार सेकंद.
कॉलेजातून आल्यावर दोन महिने
या मापात मी एक माणूस बसवत होते.

दिवे गेले.
भवानजी पडद्यावर बोलायला लागले
आणि सभागृह हसलं,
माझी ओळ उमटायच्या आधीच.
पुन्हा हसलं. पुन्हा आधीच.
एक म्हातारी तर त्यांना मोठ्यानं उत्तरच देत होती,
"हाव बाबा, आमच्यात बी तसंच व्हतं."

खाली बघणारी मी एकटी.
जेवून उठलेल्या पंगतीत
आग्रह करत फिरणाऱ्या वाढप्यासारख्या
माझ्या ओळी येत होत्या, जात होत्या.

मग मीही वर बघितलं.
दोन महिन्यांत त्यांचा चेहरा
मी सेकंदात मोजला होता, पाहिला नव्हता.
'बाप' म्हणताना त्यांचा डावा खांदा
जरासा पुढं येतो,
मागून कुणी हात ठेवल्यासारखा.

चहाच्या वेळी ते शोधत आले.
"बाई, ते खाली पांढरं काय पळत व्हतं?"
तुम्ही बोलता तेच, इंग्रजीत, म्हणाले.
"वाचून दावा की. बापाचं तेवढं."
मी उलटं मराठीत सांगितलं:
मला वडिलांनी शिकवलं.
"अन्?"
एवढंच.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
कप खुर्चीवर ठेवला आणि पडद्यावर सांगितलेलं
सगळं पुन्हा सांगितलं,
जणू मी तेव्हा हजर नव्हते:
"बाप आंधळा. रातीला संबळ वाजवलं
की गल्ली बोंबलायची.
मग मला पालथं निजवायचा
न् मपल्या पाठीवर बोटं.
एका फऱ्यावर घुमारा, दुसऱ्यावर टणका.
रडलो तर म्हणायचा, रड, पण तालात रड."

बसलं नाही हो, मी म्हणाले, जागा कमी.
"बसलं न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले,
चामडं ताणून बघावं तसं.
मग वळून, "मुनाफभाई,
यांचं बी तुमच्यावानीच हाय. जागा पुरंना."
मुनाफभाई बिस्कीट बुडवत म्हणाले,
"हर्फ बारीक करो ना फिर."

पुढच्या महिन्यात फिल्म लांबच्या शहरात जाणार.
तिथं कुणी उत्तर देणार नाही म्हातारीसारखं.
तिथं सगळेच खाली बघतील.

रात्री फाईल उघडली.
सदतीस अक्षरं. लिहिलं, खोडलं.
पालथं निजवायचा, याला इंग्रजीत
फार सरळ शब्द निघत होते.
'बाप'नंतर भवानजी सहा सेकंद गप्प आहेत.
ती जागा मी कोरी सोडली होती,
दिग्दर्शकाची आवडती शांतता,
मागं एक कोंबडी, लांब कुठंतरी मोटारपंप.

त्या सहा सेकंदांत दोन ओळी मावल्या.
पाठ आली. बोटं आली.
रड आलं, ताल राहिला.
दिग्दर्शकाचा फोन येईल सकाळी.

लॅपटॉप मिटला, दिवा घालवला,
आणि किती वर्षांनी कोण जाणे
पालथी झोपले.