केसाने

थ्रॅप्स्टनला आल्यावर मिळालेलं हे दुसरं काम:
ऑक्लेच्या दुकानासाठी कार्पचे गळ बांधायचे,
नगाला चाळीस पेन्स.
पहिलं काम पडदे शिवायचं होतं.
बोटं तीच.

आकडा चिमटीत धरायचा,
विणलेला दोरा त्याच्या डोळ्यातून ओवायचा,
आठ वेढे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत,
नि मागे एक बारीक शेपूट सोडायचं.
त्याला इथे केसच म्हणतात.
आमिष केसाला. आकडा उघडा, शेजारी,
जसा काही त्याचा संबंधच नाही.
मासा गोळी चोखतो, नको म्हणून थुंकतो,
आणि थुंकताना अडकतो.
पहिल्या दिवशी मी हसले होते.
केसाने गळा कापणं हे आमच्याकडे
नुसतं बोलायचं असतं.

किटलीच्या वाफेवर धरून
प्लॅस्टिकची नळी आक्रसून घ्यायची, म्हणजे आकडा आत वळतो.
लांब दांड्याचे, पाठीत वाकलेले जास्त खपायचे.
‘हे सुटत नाहीत,’ ऑक्ले म्हणायचा.
मीही सुटणार नाहीत असेच बांधायची.
कामात कसूर मला जमत नाही.

ऑक्टोबरात तळ्याची राखणदार विनिफ्रेड दुकानात आली.
माझ्या बोटांकडे बघत राहिली.
म्हणाली, उद्या चल, दाखवते.

पहाटे सहा. रेती उपसून उरलेलं तळं,
पलीकडे नदी, नेन म्हणा की नीन,
या गावात दोन्ही चालतं.
काठावर गादी अंथरलेली, मऊ,
आधी पाणी शिंपून भिजवलेली,
आणि तिच्यावर सिक्सपेन्स.
चौदा किलोची. कुशीवर एकच मोठा खवला,
म्हणून जुन्या नाण्याचं नाव.
वीस वर्षांत शंभरदा धरली, शंभरदा सोडली.

विनिफ्रेडने ओल्या अंगठ्याने तिचा ओठ खाली केला.
डावा कोपरा नव्हता.
फाटून, भरून, पुन्हा फाटून
काजाची कड उसवावी तसं काहीतरी होतं तिथे.
‘लांब दांडा आत फिरतो,’ ती म्हणाली,
‘तरफेसारखा. ती तिकडे ओढते,
हा इकडून ओढतो. मधे ओठ.’
मुक्या जिवाला मुका मार तरी बरा.

बाटलीतून मधमाश्यांच्या डिंकाचं औषध, दोन थेंब.
तोंड उघडायचं, मिटायचं.
मी उगाच कान दिला.

मग तिने तळहात पुढे केला.
आत्ताच काढलेला आकडा.
मी वेढे मोजले.
आठ.
एकही चढलेला नाही.

आता दांडा आखूड, नंबर लहान.
टोक नखावर ओढून बघते; घसरलं तर डब्यात नाही, कचऱ्यात.
शिसं असं अडकवते की दोरा तुटलाच
तर गळून पडावं,
तिने तळंभर ओढत फिरू नये.
वाकडे बांधत नाही म्हटल्यावर ऑक्ले दोन दिवस बोलला नाही.
काही गिऱ्हाईक औंडलच्या दुकानात गेलं.
जाऊ दे.

आकड्याला काटा ठेवावा की चिमट्याने दाबावा,
यावरून दुकानात दोन म्हाताऱ्यांनी बोलणं टाकलंय.
एक म्हणतो काटा जागा सोडत नाही, म्हणून फाडत नाही.
दुसरा म्हणतो, निघताना बघ.
मला अजून ठरवता आलेलं नाही.
मी दोन्ही डबे भरते.

एप्रिलमध्ये विनिफ्रेडचा फोटो आला. सिक्सपेन्स.
बोटांनी मोठा करून पाहिला:
खालच्या ओठात, मधोमध, एक टिंब,
सुई गेल्यावर कापडाला राहतं तेवढं.
डावा कोपरा तसाच.

किटली उकळून बंद झाली होती.
मी परत लावली.
शनिवारपर्यंत साठ द्यायचे होते.