आढळला नाही

लोरिस, आज कागद आला.
फेराराच्या इस्पितळाचा, नेहमीसारखा पातळ,
घडीवर शाई पुसटलेली.
विषाणू : आढळला नाही.

तीनदा वाचला. मग गाडीत बसून राहिले,
पार्किंगच्या चिठ्ठीवरची वेळ संपून गेली तरी.

हे दोन शब्द आपल्या घरात याआधी एकदाच आले होते,
ओरेस्ते काका धुक्यात वाम धरायला गेले तेव्हा.
होडी आढळली, कंदील आढळला,
डब्यातली पोलेंटा तशीच, न उष्टावलेली.
इसम आढळला नाही, पोलिसाने लिहिलं.
काकूने वर्षभर दाराला कडी लावली नाही.

दलदल आपल्या रक्तात आधीपासूनच.
डॉक्टर फिओरावान्ती चित्र काढून सांगायचे :
या खाडीत हिवताप असा, की पाळणे रिकामे व्हायचे,
आणि ज्यांच्या रक्तात थोडी खोट, तेच तगायचे.
आई तगली, बाबा तगले.
दोघांची अर्धी अर्धी खोट
आपल्या वाट्याला अख्खी आली.
जमीनजुमला नव्हताच. वारसा म्हणून हे.

दर तिसऱ्या आठवड्याला मग परक्यांचं रक्त.
तू बाटल्यांना नावं ठेवायचास, खरीखुरी नावं :
ही टपालवाल्याची, ही शिंपिणीची,
ही त्या जाड्या पाद्र्याची.
पाद्र्याची चढत असली
की मुद्दाम शिव्या द्यायचास, नर्सला ऐकू जातील अशा.

त्यातल्याच कुठल्यातरी बाटलीतून तो आला.
तेव्हा त्याला नाव नव्हतं.
ए नाही, बी नाही, एवढीच ओळख.
दारावर थाप पडावी, कोण म्हणून विचारावं,
आणि बाहेरून उत्तर यावं : तो नव्हे, आणि तोही नव्हे.

नाव मिळालं तेव्हा तू चोवीसचा, मी एकोणीसची.
आईने निळ्या काठाचे दोन कप वेगळे काढले.
भांड्यांतून पसरत नाही, बाई, डॉक्टर म्हणाले.
तिने मान डोलावली.
कप तिथेच राहिले, सिंकच्या डावीकडे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार इंटरफेरॉन.
हुडहुडी. उशीवर केस.
आणि रात्री पोटात लोह उपसणारी सुई, पंपाची घरघर.
एका घरात किती भाडेकरू ठेवायचे, म्हणालास.
मिरेल्लाला मात्र काही सांगितलं नाहीस.
लग्न दोनदा पुढे ढकललंस. तिला वाटलं,
दुसरी कुणीतरी आहे.

तू गेलास त्या फेब्रुवारीत कोमाक्योचे कालवे गोठले होते.
ती मागे उभी होती, लाल कोटात,
काळा नव्हता म्हणे तिच्याकडे.
चर्चच्या पायऱ्यांवर मी तिला सांगून टाकलं.
रागावू नकोस.

मला गोळ्या मिळाल्या.
बारा आठवडे, रोज एक, पाण्याबरोबर.
ताप नाही, थरथर नाही.
त्या सोपेपणाचीच चीड आली मला,
डबी भिंतीवर फेकली एकदा, मग गोळ्या वेचत बसले
खाटेखालून, मोजून.

रक्त देणारा कधीकधी आठवतो,
न पाहिलेला माणूस जेवढा आठवावा तेवढा.
बाही वर केली असेल, संत्र्याचा रस प्याला असेल,
सायकलवर शीळ घालत घरी.
पुढे त्यालाही कुणी असाच कागद दिला का?
त्याच्यावर रागवायला बसते, जमत नाही.
तो नसता, तर मी सातव्या वर्षीच संपले असते.

यकृतावरचे वण राहणार आहेत.
सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

संध्याकाळी आईला सांगितलं.
तिला हल्ली नावं सापडत नाहीत.
कोण आढळला नाही? तिने विचारलं.
मग खिडकीकडे बघून, माझीच समजूत घालत :
धुकं आहे. येईल.

तिने निळे कप काढले, दोन्ही.
कॉफी ओतली. एक माझ्यापुढे,
एक तुझ्या खुर्चीसमोर.
थोडा वेळ वाट पाहिली,
आणि कशासाठी, ते विसरून
तुझा कप उचलून
प्यायला लागली.