कीस

उद्यमनगरात आमच्या लेथवरून कीस निघतो,
निळसर, तापलेला, वेटोळं होत खाली पडणारा.
लहानपणी वाटायचं, लोखंडालाही केस असतात
आणि बाबा ते कापतात.

बाथरूमच्या जाळीवर माझे केस
तसेच वेटोळे घालून पडायला लागले, तेव्हा
मी खायला लागून दोन महिने झाले होते.

हे कुणी सांगितलं नव्हतं.
उपाशी होते तोवर कसेबसे टिकले ते,
आणि आता, दोन वेळची भाकरी, वाटीभर आमटी,
कागदावर लिहून दिलेलं अंडं
नाक दाबून गिळल्यावर, आता?
सीपीआरच्या ओपीडीत मी भांडलेच.
मुल्लाणी मॅडम म्हणाल्या,
"शरीर हिशेब उशिरा मांडतं.
आत्ता गळतंय ते दिवाळीचं आहे."

दिवाळीला मी चकलीचा एक काटा मोडून
जिभेवर ठेवला होता, विरघळेपर्यंत.
तेवढीच दिवाळी.

भाकरीचा कीस काढायचे मी.
पापुद्रा वेगळा, कडा वेगळी, करपलेला ठिपका वेगळा.
आईच्या डोळ्यांदेखत तासभर जेवायचे
आणि जेवायचे नाही.
पाहुण्यांना तांबडा रस्सा वाढताना
वाससुद्धा आत जाऊ नये म्हणून श्वास धरायचे.

हातांवर, पाठीवर लव उगवली होती
पिल्लाच्या अंगावर असते तशी.
भर मे महिन्यात अंग माझ्यासाठी स्वेटर विणत होतं
आणि मी राजारामपुरीत जाऊन, पैसे देऊन,
तो उसवून यायचे.

इचलकरंजीच्या लग्नात वत्सलामावशी म्हणाली होती,
"कसली बारीक झालीस! आमाला पण सांग की."
तीच आता भांग बघून म्हणते,
"जास्वंदीचं तेल लाव."

बाबांनी काहीच विचारलं नाही.
एका शनिवारी गंगावेशीत कट्ट्यावर नेलं.
म्हशीखालून थेट ग्लासात धार, वर बोटभर फेस.
फेस बसला. दूध कोमट झालं. मी उभीच.
बाबा म्हशीकडं बघत राहिले,
शिंगं, शेपटी, परत शिंगं.
"पोरगी पीत न्हाई व्हय?" गवळ्यानं विचारलं.
"पितीया," बाबा म्हणाले. "घाई न्हाई आमाला."

अर्धा ग्लास.
उरलेला त्यांनी एका घोटात संपवला
आणि मिशी पुसली, विषय संपल्यासारखी.

वजनकाटा आईनं किसाच्या पोत्यावर टाकून भंगारात दिला.
भंगारवाल्यानं तो आपल्या काट्यावर तोलला.
मला हसू आलं, खूप दिवसांनी,
इतकं की पोटात दुखलं,
आणि पोटात दुखण्याचं हे कारण नवीन होतं.

मग कपाळाच्या कडेनं कुसळं उभी राहिली.
आखूड, हट्टी, तेलानं न बसणारी.
आरशापुढं मी पिनांनी दाबत होते, बाबा म्हणाले,
"बघू."
वर्कशॉपमध्ये त्यांनी मायक्रोमीटरचा जबडा पुसला,
शून्य तपासलं.
जाळीतला एक जुना केस. आणि एक नवा,
मीच उपटून दिला. डोळ्यांत पाणी आलं, उपटल्याचं.
"जुना चार. नवा सात."
"सात काय?"
"मिलिमीटरचं शंभर तुकडं कर. त्यातलं सात."
चष्म्यावरून माझ्याकडं न बघता म्हणाले,
"टॉलरन्समधी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीत केस होतेच.
मोजले नाहीत. म्हणजे, अकरापर्यंत मोजले.
रात्रीच्या जेवणाला पांढरा रस्सा होता,
मी वाटी जवळ ओढली, लांब सरकवली, जवळ ओढली.

पुढं कधीतरी जीएसटीचं काम करताना
जॉबच्या वहीत त्या तारखेचं पान उघडलं.
पंप शाफ्ट, चाळीस नग.
ब्राँझ बुश, बारा.
खाली, त्याच निळ्या पेनानं: केस, ०.०७.
शेऱ्याचा रकाना
मोकळा सोडला होता.