सहा की नऊ

अंडी आधी गार पाण्यात टाक, बसव्वा.
तडकली तर तडकू देत.
गरम अंड्याला मेयोनीज लावलं की डबा आतून घाम धरतो
आणि त्या घामात काय वाढतं
ते डोळ्याला दिसत नाही, हीच पंचाईत.

मेसचा तुकाण्णा, तीस वर्षं पलटणीला जेवू घातलेला,
पेन्शनीत आल्यावर कॅम्पात माझ्या गाड्यावर चहाला यायचा.
मनगटाचं घड्याळ काढून पातेल्याशेजारी ठेवायचा.
"बाहेर दोन तास. एप्रिल असला तर एकच.
मग कर्नल येऊ दे नाहीतर त्याची सासू,
टाकून द्यायचं."

फ्रीजच्या दारात ठेवू नको.
दार म्हणजे बसस्टँड, सारखी ये-जा.
आत, मागच्या भिंतीला टेकवून,
जिथं गारवा मुक्कामाला असतो.
काचेचा डबा. घट्ट झाकण. कोरडा चमचा.
शेजारी बांगड्याचं कालवण नको,
अंडं कुणाचाही वास अंगाला लावून घेतं.
काकडी आयत्या वेळी, पाव आयत्या वेळी.
आणि तीन दिवस. चौथा दिवस असेल कुणाच्या पुस्तकात,
माझ्या फ्रीजमध्ये नाही.

एवढं सगळं तुला पाठ झालं, खरं
चिठ्ठी राहिली.
तू तारीख घातलीस बैलहोंगलच्या शाळेतल्या
वळणदार कानडी आकड्यात,
आणि मी, पन्नास वर्षं ह्याच गावात,
बसच्या पाट्या अंदाजानं ओळखत आलो.
(पुण्याची नणंद हसते,
बाई असून 'मी आलो' म्हणतेस म्हणून. हसू दे.)
मी सहाचा नऊ वाचलो.
वाचलो म्हणजे, थोडक्यात वाचलो.

त्या दिवशी दहा तारीख. कालचंच की, म्हटलं.
झाकण काढलं. रंग बरा. वास बरा.
शाळेच्या खेळांची पोरं उभी होती, घामेजलेली,
चार सँडविच तिरके कापून झाले होते.
तू बेकरीतून पाव घेऊन आलीस,
डबा बघितलास, पाव तसाच कडेवर धरून म्हणालीस,
"अक्का, इद आर. ओंबत्त अल्ला."

चारी सँडविच बादलीत.
गल्लीच्या कुत्र्यालाही घातले नाहीत.
"वास चलो ऐती की," तू हळूच म्हणालीस.
वास खोटं बोलत नाही गं,
त्याला सगळं ठाऊक नसतं, इतकंच.

मग रबरबँड आणले, रंगावरून दिवस ओळखायला.
लाल नि पिवळा शेजारी लागले,
तर झेरॉक्सवाला रवळू म्हणाला, "मावशी, फ्रीजमध्ये झेंडा?"
भगवा लावला,
तर पाववाला मडिवाळप्पा काही बोलला नाही,
नुसता डब्याकडे बघत राहिला.
काळा तर नकोच, म्हटलं, नोव्हेंबर तोंडावर आलाय.
शेवटी तूच फुलांच्या पुडीचा पांढरा दोरा सोडवलास.
रोज सकाळी एक गाठ.
तिसरी गाठ पडली की संध्याकाळपर्यंत डबा रिकामा,
पोटात नाहीतर बादलीत.
गाठ दोघींनाही वाचता येते.

काल गाव बंद होतं.
कशासाठी, ते विचारायचं आता मीही सोडलंय.
आज शटर वर केलं तर फ्रीज गुणगुणत होता,
जसा काही रात्रभर जागाच होता.
दोऱ्याला गाठ एकच. काच थंडगार.
तू वरचा कप्पा उघडलास.
बर्फाच्या वाटीवर आपण ठेवून गेलेलं पाच रुपयांचं नाणं
तळाला जाऊन बसलं होतं,
वर पुन्हा नवा, स्वच्छ बर्फ.

करंट किती तास नव्हता, ते नाण्यालाच ठाऊक.
तू माझ्याकडे बघितलंस. मी बादली सरकवली.
कुणी काही बोललं नाही, ना कानडीत, ना मराठीत.

मग तू पातेल्यात बारा अंडी सोडलीस
आणि माझं घड्याळ मागितलंस.